लेकीला खरा वार

तलवारबाजीतला पॅरी-रिपोस्टचा, म्हणजे वार अडवून लगेच उलट वार करण्याचा, सराव पाहायला आलेला माणूस नेहमी अडवणारीकडे बघतो. समोरून वार येतो, पात्याला पातं भिडतं, टण् असा एकच आवाज होतो आणि अडवणारीचं टोक वार करणारीच्या छातीवर टेकलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, शिकते आहे ती अडवणारी, दुसरी बिचारी नुसता मार खाते आहे. दारात उभे असलेले पालकही आपल्या मुलीची अडवायची पाळी आली की मोबाइल वर धरतात आणि वार करायची पाळी आली की खिशात ठेवतात. मला मात्र आताशा त्या मार खाणारीवरून नजर काढता येत नाही. ती वार कसा देते त्यावर समोरचीची पॅरी घडते किंवा बिघडते. तलवारबाजीतल्या या सरावाबद्दल मला जे काही बोलायचं आहे, ते तिच्याबद्दलच आहे.

आमचा वर्ग ठाण्यात, नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी भरतो. शाळा सुटली की बाकं भिंतीला सरकतात आणि फरशीवर चिकटपट्टीने आखलेल्या रेघा मोकळ्या होतात. नियमाप्रमाणे पिस्ट, म्हणजे खेळायची पट्टी, चौदा मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद. तेवढी लांबी आमच्या सभागृहात तिरकी आखली तरच बसते, म्हणून रोजचा जोडीचा सराव आखूड रेघांवरच होतो. माझी लेक नववीत आहे आणि तिचं हत्यार फॉइल, तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी एक. मुलींची संख्या विषम असली की एकीला जोडीदार उरत नाही. त्यातूनच सर एकदा मला म्हणाले, "ताई, रोज दोन तास बाकावर बसताच आहात, तर मास्क घालून उभ्या का राहत नाही?" आधी बरेच दिवस त्यांनी फक्त पावलं करून घेतली. पुढे, मागे, लंज (पुढचा पाय लांब टाकून घेतलेली झेप), परत. हातात फॉइल त्यानंतर आलं. आता मी त्या बाकावर बसत नाही.

सराव दिसायला अगदी साधा. दोघी ऑन गार्ड, म्हणजे तयारीच्या पवित्र्यात, उभ्या राहतात, दोघींचे हात सिक्समध्ये, म्हणजे बाहेरची बाजू झाकलेली आणि आतली, डाव्या हाताकडची, उघडी. वार करणारी त्या उघड्या बाजूवर येते. आधी हात लांब होतो, मग पुढचा पाय उचलतो, मग लंज. अडवणारी फोर घेते, म्हणजे मूठ उजवीकडून डावीकडे आणते. किती? दाराची कडी सरकवायला हात जेवढा हलतो, तेवढीच. टोक समोरच्या अंगावरून फार ढळत नाही, कोपर शरीराला धरून राहतं. आपल्या पात्याचा मुठीजवळचा जाड भाग समोरच्या पात्याच्या टोकाकडच्या बारीक भागाला भिडला की वार छातीवरून बाजूला पडतो. त्याच क्षणी हात सरळ होतो आणि टोक समोरच्या छातीवर. हा झाला रिपोस्ट. वार करणारी लंजमध्येच आहे, अंतर तिनेच कमी करून दिलं आहे, त्यामुळे इथे पाय हलवायचीही गरज पडत नाही.

एवढंच, आणि हेच पुन्हा पुन्हा. मग बाजू बदलायची.

सरांचा या सरावात एकच धोशा असतो: "खरं मार." नवीन मुली मैत्रिणीला लागू नये म्हणून वार शेवटच्या वितीवर थांबवतात. काही जणी टोक आधीच खांद्याच्या बाहेर नेऊन ठेवतात, कारण समोरची आता अडवणारच आहे हे त्यांना माहीत असतं. काहींचा हात लांब होतो पण पाय निघत नाही. हे चांगुलपणातूनच होतं, त्यात कुणाचा आळस नसतो. पण सर तिथेच थांबवतात. तिने अडवलं नाही तर टोक छातीवर टेकलं पाहिजे, जॅकेटवर पातं वाकलं पाहिजे. तसं होणार नसेल तर तो वार त्यांच्या लेखी झालाच नाही.

हे ते का म्हणतात, ते मला समोर उभं राहिल्यावर कळलं. अंगावर न येणारा वार अडवायची काही गरजच नसते. तो आपोआप हुकणारच असतो. पण सराव आहे म्हणून अडवणारी हात हलवते आणि पातं शोधायला बाहेर जाते. वार बाहेर असल्यामुळे हात जास्त लांब जातो. दोन पाती भिडतात, आवाज होतो, तिला वाटतं जमलं. दहा वेळा असं झालं की तेवढ्या मोठ्या हालचालीची हाताला सवय लागते. नंतर स्पर्धेत कुणी खरंच छातीवर आली की तो लांब गेलेला हात परत यायच्या आत समोरचीने खालून टोक काढून दुसऱ्या बाजूला टच दिलेला, म्हणजे टोक लावलेलं, असतं. मुलीला कळत नाही काय चुकलं. सरावात तर रोज जमत होतं! चूक तिची नसतेच. ज्या मैत्रिणीने प्रेमाने आठवडेच्या आठवडे तिला खोटे वार दिले, त्या प्रेमाचा तो परिणाम असतो.

वेळेचंही तसंच आहे. पॅरी जितकी उशिरा तितकी चांगली, हे ऐकायला उलटं वाटतं. पण हात लवकर हलला की वार करणारीला तो दिसतो आणि तिला वाट बदलायला सवड मिळते. वार पूर्ण सुटल्यावर, मागे घेता न येण्याइतका पुढे आल्यावर पॅरी घेतली, तर तिच्याकडे काही उरत नाही. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, त्यामुळे ही थांबायची हिंमत नुसत्या चपळाईवर येत नाही. समोरच्या खांद्याचा, गुडघ्याचा, मुठीचा अंदाज यावा लागतो, आणि तो अंदाज खोट्या वारातून कधीच येत नाही. खोटा वार करणारीचा खांदा वेगळा असतो. तिचा पाय वेगळा पडतो. त्यातून अडवणारी शिकते ते एका अशा माणसाला वाचायला, जो स्पर्धेत तिच्यासमोर कधीच येणार नाही.

आई म्हणून हे सोपं जात नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पोटच्या पोरीच्या छातीवर पोलादी टोक रोखून पूर्ण ताकदीने पुढे जायचं, आणि मनात 'अडवेलच ती' असं म्हणायचं नाही. कारण तसं म्हटलं की हात आपोआप सैल पडतो. 'हा टच लागणार आहे' एवढंच मनात ठेवून निघायचं. मला यासाठी मास्कची जाळी उपयोगी पडली. जाळीतून चेहरा दिसतो, पण त्यावरचे बारीक भाव दिसत नाहीत, आणि मग समोर एक तलवारबाज उभी आहे एवढंच उरतं. मी खरी निघते. ती अडवते. तिचा रिपोस्ट माझ्या डाव्या खांद्याखाली टेकतो आणि तिचं पातं वर कमान घेऊन वाकतं. त्या कमानीइतकी समाधानाची गोष्ट मला दिवसभरात दुसरी भेटत नाही, आणि वागळे इस्टेटमधल्या हिशेबाच्या कामात मला समाधान मिळत नाही असं मुळीच नाही.

खरा वार करायची ही मोकळीक आपल्याला कुणाच्या जिवावर मिळाली आहे, हे मी वर्गातल्या प्रत्येक नवीन पालकाला सांगते. १९८२ मध्ये रोमला जागतिक स्पर्धा चालू होती. सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधला फॉइलचा विजेता, पश्चिम जर्मनीच्या मथियास बेरशी खेळत होता. बेरचं पातं मोडलं आणि मोडका तुकडा स्मिर्नोव्हच्या मास्कची जाळी फोडून आत गेला. तो वाचला नाही. त्यानंतर या खेळाची सगळी साधनं बदलली. मास्क मजबूत झाले, जॅकेटचं कापड बदललं, पात्यांसाठी सहज न तुटणारं मॅरेजिंग पोलाद आलं. त्यामुळे आमच्याकडे मास्कच्या जाळीवर खड्डा दिसला की मास्क बाजूला जातो आणि पात्यावर बोट फिरवून खाच शोधल्याशिवाय सराव सुरू होत नाही. जॅकेटची चेन अर्धी उघडी ठेवून उभ्या राहिलेल्या मुलीवर सर ओरडतात तेव्हा कुणीही पालक त्यांना थांबवायला जाऊ नये. समोरच्या मुलीने खरा वार करावा असं वाटत असेल, तर आपण पूर्ण बंद होऊन उभं राहणं हा तिच्याशी केलेला करार आहे.

फॉइलचा नियमही मला याच कारणाने आवडतो. फॉइलमध्ये टच झाला की लागणारे दोघींचे दिवे एकदम लागले तर पंच बघतो, हक्क कुणाचा होता. जिने आधी हात लांब करून नीट वार सुरू केला, हक्क तिचा. समोरचीने तो वार अडवला की हक्क तिच्याकडे जातो. न अडवता तीही तेव्हाच टोक पुढे करून टच देईल तर तो धरला जात नाही. म्हणजे तुझ्यावर वार येत असेल तर आधी स्वतःला वाचव, मग मार. पात्याला धार असती तर कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं, आणि तेच शहाणपण या खेळाने नियमात बांधून ठेवलं आहे. एपी या दुसऱ्या हत्याराच्या खेळात असा हक्क नसतो. तिथे सगळं अंग लक्ष्य असतं आणि दोघींचे टच सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागले तर दोघींना गुण. त्यामुळे एपीतली पॅरी समोरच्या पात्यावरचा ताबा न सोडता पुढे सरकत जाते, ढकलून दिलं आणि मारलं एवढ्यावर तिथे भागत नाही. लेकीच्या एका मैत्रिणीला एपीच आवडतं. पंचाच्या डोक्यावर काही अवलंबून नको, असं तिचं म्हणणं. तिचं म्हणणं मला पटतं, पण मन फॉइलकडेच जातं.

रिपोस्टबद्दल थोडं सविस्तर, कारण सरावात सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. पॅरी जमली की मुली सुखावतात आणि क्षणभर तिथेच रेंगाळतात. पाती एकमेकांना टेकलेली, दोघी उभ्या. नियमाने तो क्षण फार महाग आहे. अडवल्यावर मिळालेला हक्क लगेच वापरायचा असतो. रेंगाळलं की लंजमध्ये बसलेली समोरची तिथूनच पुन्हा टोक पुढे करते, त्याला रिमीज म्हणतात, आणि टच तिचा होतो. त्यामुळे पॅरी आणि रिपोस्ट यांच्यामध्ये काहीही नसावं लागतं. श्वाससुद्धा नाही. सर कधी कधी डोळे मिटून सराव ऐकतात. टण् आणि लगेच जॅकेटवरचा बोथट आवाज, असं ऐकू आलं की ते पुढच्या जोडीकडे जातात. टण्, मग थांबणं, मग आवाज, असं झालं की डोळे न उघडताच म्हणतात, "पुन्हा." पाती खरवडल्यासारखा लांब आवाज आला तर मुठीत जोर जास्त झाला आहे. फॉइल अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचं असतं, बाकीच्या तीन बोटांनी फक्त मदत करायची. पण भीती वाटली की पाचही बोटं आवळतात, खांदा वर जातो आणि हात जड होतो. अर्धा किलोपेक्षाही हलकं हत्यार, पण आवळलेल्या हातात ते आठवड्याच्या बाजाराच्या पिशवीइतकं जाणवतं.

रिपोस्टही खराच हवा. स्पर्धेच्या फॉइलमध्ये टोकाची स्प्रिंग निदान पाचशे ग्रॅमचा दाब पडल्याशिवाय दिवा लावत नाही. नुसता ओझरता स्पर्श तिथे चालत नाही. म्हणून वार करणारीनेही लंजमधून पळून जायचं नसतं. तिने थांबून तो रिपोस्ट पूर्ण घ्यायचा, समोरचीच्या हाताला नीट लागलेल्या टचचा अनुभव द्यायचा, आणि मगच मागे यायचं. हे थांबणं मला या सगळ्या सरावातलं सगळ्यात मोठ्या मनाचं काम वाटतं.

आपल्याकडच्या जुन्या आखाड्यांमध्ये फरी-गदग्याचा खेळ होता, अजूनही काही ठिकाणी शिकवतात. एका हातात कातडी चढवलेली काठी, दुसऱ्यात छोटी ढाल, आणि समोर तसाच जोडीदार. तिथेही एकट्याने काही होत नाही. फॉइल परदेशी आहे म्हणून नाक मुरडणारे नातेवाईक भेटले की मला फरी-गदगा आठवतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये एपीचे टच पहिल्यांदा विजेच्या यंत्राने मोजले गेले. आपली मंडळी त्या दिव्यांच्या किती जवळ जाऊन आली होती, हा विचार मला उगाच आनंद देतो.

आता थोडं कडू बोलते. आमच्या सभागृहातच असं नाही, नवी मुंबईतल्या वर्गांना मुलांना घालणारे ओळखीचे पालकही पहिल्या महिन्यात एकच विचारतात: मॅच कधी? दहावीला खेळाचे वाढीव गुण असतात, जिल्हा आणि राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, सगळं खरं आहे. मुलांचं भलं व्हावं हीच त्यामागे इच्छा असते. पण ज्या मुलीच्या हाताला अजून फोर माहीत नाही, तिला मॅचमध्ये उभं केलं की ती एकच गोष्ट शिकते, आधी धावून जाणं. वर्षभर ती लहान वयातल्या स्पर्धा त्यावर जिंकतेही. पुढे उंच, शांत, थांबणारी मुलगी समोर आली की तिच्याकडे दुसरं काही नसतं. मग खेळ सुटतो, आणि घरात म्हणतात, तिला आवडच राहिली नाही.

सी. ए. भवानी देवीमुळे चेन्नईच काय, आपल्याकडच्या मुलींनाही हा खेळ माहीत झाला. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. टोकियोत, २०२१ च्या जुलैमध्ये, तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली आणि पुढची फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून हरली. २०२३ मध्ये चीनमधल्या वूशीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुराला हरवून तिने कांस्य मिळवलं. तिचं हत्यार सेबर, जे बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये २००४ पर्यंत नव्हतंच. आमच्या मुलींनी तिच्या लढती पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत आणि त्यांना त्यातले झपाट्याचे वार पाठ आहेत. मला त्यांना सांगावंसं वाटतं की तिच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल ती स्वतः जे सांगते तेही ऐका: साधनं महाग होती म्हणून बांबूच्या काठ्यांवर केलेला सराव. त्या बांबूच्या दुसऱ्या टोकालाही कुणीतरी असणारच.

पावसाळ्यात आमचा सराव अर्धा साधनांच्या सेवेत जातो. ठाण्याच्या दमट हवेत पाती दोन दिवसांत तांबडी होतात, म्हणून पॉलिश पेपर आणि मशीनचं तेल प्रत्येकीच्या पिशवीत. जॅकेट वाळत नाहीत. फरशी ओलसर झाली की लंजमधला पुढचा पाय घसरतो, अशा दिवशी सर लंज बंद करतात आणि उभ्यानेच पॅरी करून घेतात. त्या दिवसांत हाताचं काम सगळ्यात चांगलं होतं, हे मी दर वर्षी पाहते.

हल्ली आमचा सराव पुढे सरकला आहे. वार करणारीने सरळ यायचं की समोरचीचा हात फोरकडे निघाल्यावर खालून टोक काढून सिक्सकडे यायचं, हे तिने आधी सांगायचं नाही. अडवणारीने एक तर परत सिक्सला यायचं किंवा टोकाचा छोटा गोल करून ते पळालेलं पातं पुन्हा फोरमध्ये ओढून आणायचं. त्याला काउंटर फोर म्हणतात आणि लेकीला तो फार आवडतो. शिवाय आता साखळी तिच्या रिपोस्टवर संपत नाही. तिचा रिपोस्ट मी लंजमधूनच अडवायचा आणि उलट मारायचा. म्हणजे आता तिचा रिपोस्ट हा माझ्यासाठी वार झाला, आणि तो खरा द्यायची जबाबदारी तिच्यावर आली. पहिल्या काही दिवसांत तिचा हात माझ्या जॅकेटपाशी येऊन मऊ पडायचा. सरांनी लांबूनच पाहिलं आणि तिला जे सांगितलं ते मला आधी सांगितलेलंच होतं: "आईला खरं दे, नाहीतर ती शिकणार कशी?"

परवा वर्ग सुटल्यावर गोखले रोडच्या गर्दीतून स्टेशनच्या बाजूला चालताना ती म्हणाली, "आई, माझा रिपोस्ट तू आज दोनदा अडवलास. उद्या मी सरळ देणार नाही, सुटून देणार आहे. कुठल्या बाजूला ते विचारू नकोस." मी विचारलं नाही. घरी आल्यावर तिची नजर चुकवून आरशासमोर उभी राहिले आणि रिकाम्या हाताने फोरवरून सिक्सला येणं करून पाहिलं, मग काउंटर फोर, मग पुन्हा सिक्स.